४०७ ची थरथर: ट्रॉली ओढताना कचकन ब्रेक लागल्यानंतरच्या नोंदी

गाडी जुनी टाटा ४०७. चारही बाजूंना ड्रम ब्रेक, मागे दुहेरी चाकं, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा फिरता दांडा) दोन तुकड्यांचा आणि मधे त्याला आधार देणारं सेंटर बेरिंग. मागे जनरेटरची चारचाकी ट्रॉली, डिझेलसकट काट्यावर २,१०० किलो भरते. हौद्यात केबलची रिळं आणि पॅनेल. लग्नं, जत्रा, बांधकामं, असं आमचं काम.

ज्यांची गाडी मागे काहीतरी ओढते त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहून ठेवतोय. "ब्रेक मारल्यापासून गाडी थरथरते" एवढं म्हटलं की गॅरेजमध्ये हात थेट ड्रमकडे जातो. आमचे ड्रम खराब होतेच. थरथर मात्र दुसरीकडून येत होती.

९ जानेवारी

मलकापूरचं काम उरकून गाडी कोल्हापूरकडे येत होती. वाघबीळचा उतार उतरताना उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह बाजूच्या वाटेवरून सरळ रस्त्यावर आला. आमच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबून धरला. मागची चाकं जाम होऊन घासत गेली, जनरेटरच्या ट्रॉलीने मागून ढकललं आणि गाडीची मागची बाजू थडथड उड्या मारत थांबली. कुणाला काही लागलं नाही. मागच्या उसाच्या ट्रॉलीला एकही रिफ्लेक्टर नव्हता. 

केर्ली यायच्या आत त्याचा फोन. "दादा, गाडी लई हादराय लागलीय, पायाखालचा पत्रा वाजतोय."

संध्याकाळी शिवाजी पुलापासून मी स्वतः चालवून पाहिली. तक्रारी दोन होत्या, त्या वहीत वेगवेगळ्या लिहिल्या. पहिली: हळू वेगात ब्रेक दाबला की पेडल पायाला ठोके देतं. दुसरी: ब्रेकला पाय न लावताही ४५ च्या वर बारीक, वेगवान थरथर सुरू होते, ५० ते ५५ मध्ये सगळ्यात जास्त, ६० च्या पुढे जरा कमी. ट्रॉली सोडली की कमी होते, जात नाही. या दोन ओळी एकत्र लिहिल्या असत्या तर पुढचा सगळा तपास चुकला असता.

१० जानेवारी

फुकटात होणारी तपासणी आधी. चाकांचे नट सगळे घट्ट. रिम वाकलेली नाही. दुहेरी टायरच्या मधे दगड अडकला असेल तर तोही असाच त्रास देतो, पण तो नव्हता. डाव्या मागच्या बाहेरच्या टायरला मात्र तळहाताएवढा सपाट चट्टा पडला होता. रबर घासून गेलेलं, तार दिसत नव्हती.

तो टायर काढून स्टेपनी चढवली. हळू चालताना येणारी धपधप गेली. ५० ची थरथर जशीच्या तशी.

११ जानेवारी

ओळखीच्या मिस्त्रींकडे (त्यांना सगळे मामा म्हणतात) चारही ड्रम उतरवले. मागच्या दोन्ही ड्रमच्या आत निळसर-काळे गोल डाग होते, डाव्यात जास्त. लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) काचेसारखे गुळगुळीत झालेले.

ड्रम घेऊन शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेलो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत रोज बीड (ओतीव लोखंड) ओतलं जातं, त्यामुळे आपल्याकडचा लेथवाला नुसता रंग बघून निदान करतो. ड्रम चकमध्ये बांधून त्याने गोलाई मोजणारा डायल लावला. डाव्या मागच्याला ०.४ मिलिमीटरचा फेर. टूल लावलं तर डागावर आलं की टूल उडायचं आणि आवाज बदलायचा. "बीड भाजलंय. जास्त तापून पटकन गार झालं की तेवढाच ठिपका कडक होतो. टूलनं उंचवटा राहणार, ग्राइंड कराय लागेल." डाव्या ड्रमचे डाग खोल होते. ते काढून आतला व्यास ड्रमवर ओतलेल्या कमाल आकड्याच्या पुढे गेला असता, म्हणून तो भंगारात टाकला. बाकीचे तीन ग्राइंड केले.

नवा ड्रम २,८०० रुपये, तीन ड्रमचं ग्राइंडिंग १,५००, लायनर २,२००, सील ६००, मजुरी १,८००. सगळे ८,९००.

१३ जानेवारी

पेडलचे ठोके पूर्ण गेले. ब्रेक सरळ आणि एकसारखा लागतो.

थरथर तशीच. मामा म्हणाले, लायनर बसायला वेळ लागतो, शंभर-दोनशे किलोमीटर चालव. लायनर बसायचं राहिलं असेल तर त्रास ब्रेक दाबल्यावर व्हायला हवा. इथे पाय ब्रेकवर नसतानाच गाडी थरथरतेय. ८,९०० वाया गेले असं मी म्हणणार नाही, ते ड्रम आज ना उद्या जीवावर बेतलेच असते. पण दुसऱ्या तक्रारीचा तपास अजून सुरूच झालेला नव्हता.

उद्या संक्रांत, उद्यमनगर थंड. परवा बघू.

१५ जानेवारी

पहाटे पाचला गोकुळ शिरगाव ते कागल. त्या वेळी रस्ता मोकळा असतो आणि एकच वेग धरून ठेवता येतो. मोबाईलमध्ये कंपनं मोजणारं मोफत अॅप टाकलं आणि फोन ड्रायव्हरच्या सीटखालच्या पत्र्याला दुहेरी टेपने घट्ट चिकटवला. सीटवर ठेवला तर गादी सगळं खाऊन टाकते. आकडे वाचायला शेजारी दुसरा माणूस हवाच.

त्याआधी दारातच दोन मापं घेतली होती. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी पुढे ढकलली: २.४५ मीटर. मग मागची दोन्ही बाजू उचलून शाफ्ट हाताने फिरवला: चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे साडेचार फेरे. ताशी ५० म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. म्हणजे चाक सेकंदाला साधारण ५.७ वेळा फिरतं आणि शाफ्ट २५-२६ वेळा.

फोनवरच्या आलेखात ५० च्या वेगाला दोन टोकं वर आली (आकडा म्हणजे सेकंदाला किती कंपनं). एक २६ ला, दुसरं ५१ ला. ५-६ च्या आसपास जवळजवळ काहीच नाही. चाक, टायर, ड्रम, हब हे सगळे चाकाच्या वेगाने फिरतात. त्यांतला कुठलाही दोष असता तर मोठं टोक पाच-सहाला दिसलं असतं. एवढ्या एका आकड्याने सगळी चाकं संशयातून सुटली.

आता इंजिन की शाफ्ट. माझ्या गाडीत टॉप गिअर सरळ आहे, त्यामुळे टॉपमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात आणि २६ चा आकडा दोघांचाही असू शकतो. म्हणून चौथ्या गिअरमध्ये तोच ५० चा वेग धरला. इंजिनची गती वाढली, टोकं २६ आणि ५१ लाच राहिली. मग सपाट रस्त्यावर क्लच दाबून गाडी तशीच जाऊ दिली, इंजिन आयडलवर. टोकं जागची हलली नाहीत. म्हणजे शाफ्टच. ही क्लचची चाचणी उतारावर किंवा ट्रॉली लावून कुणी करू नये.

दोन टोकांचे अर्थ वेगळे. शाफ्टच्या एका फेऱ्याला एक धक्का असेल तर शाफ्ट बॅलन्समधून गेलेला, वाकलेला किंवा त्याचा आधार सुटलेला. एका फेऱ्याला दोन धक्के असतील तर क्रॉस (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) किंवा क्रॉसचे कोन. आमच्याकडे दोन्ही होते.

१७ जानेवारी

गाडीखाली. चाकांना गुटके, घोडी (लोखंडी आधार) मागच्या हाउसिंगखाली, म्हणजे मागच्या अॅक्सलच्या कवचाखाली. घोडी चासीखाली लावली तर हाउसिंग लोंबतं, शाफ्टचे कोन बदलतात आणि जे दिसतं ते खोटं असतं. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, कितीही घाई असली तरी.

सेंटर बेरिंगचं रबर खालच्या बाजूने अर्ध्या गोलात फाटलं होतं. शाफ्ट हाताने वर उचलला तर बोटभर हलला. फाटलेल्या कडेचा थोडा भाग जुना, धूळ बसलेला, बाकीचा ताजा काळा. म्हणजे रबर आधीच चिरलेलं होतं आणि वाघबीळच्या उड्यांनी ते पार गेलं.

पिनियनकडचा (शाफ्ट मागच्या हाउसिंगला जोडला जातो तिथला) क्रॉस काढला. चारपैकी एका कपात ग्रीस नावालाही नव्हतं. कपातल्या बेरिंगच्या सुया गंजून लालसर भुकटी झालेली आणि क्रॉसच्या दांडीवर सुयांच्या आकाराचे चरे. ग्रीस भरताना चारही सीलमधून बाहेर आल्याचं डोळ्यांनी बघायचं असतं, ते या कपाच्या बाबतीत किती तरी दिवस कुणी बघितलेलं नव्हतं.

तिन्ही क्रॉस आणि सेंटर बेरिंग नवीन घेतलं. शाफ्ट शिरोलीकडे बॅलन्सिंगला दिला. क्रॉस तिथेच बसवून देतो म्हणाले. बेरिंग १,४००, क्रॉस १,९५०, बॅलन्सिंग १,८००, मजुरी १,२००. बेरीज ६,३५०.

१८ जानेवारी

पहाटे पुन्हा कागल रस्ता. २६ चं टोक जवळजवळ बसलं. ५१ चं मात्र आधीपेक्षा उंच! आरशात मागचं काही दिसेना एवढी थरथर. नवे क्रॉस घालून गाडी बिघडली असं वाटावं, आणि इथेच बरेच जण क्रॉस खराब निघाला म्हणून परत बदलायला जातात.

शाफ्टच्या सरकत्या जोडावर दोन बाण कोरलेले असतात, एक नळीवर, एक योकवर (क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यावर). ते समोरासमोर यायला हवेत म्हणजे दोन टोकांचे क्रॉस एकाच सुरात फिरतात आणि एकाचा झटका दुसरा खाऊन टाकतो. डिझेलने पुसून बॅटरी मारली तर बाण एकमेकांपासून दोन दाते लांब. शाफ्ट उतरवताना मी खडूने खुणा केल्या होत्या, त्या शाफ्ट धुताना गेल्या आणि जोडणाऱ्याने मळाखालचे बाण पाहिलेच नाहीत. खुणा पंचने ठोकायच्या, खडूने नाही. शाफ्ट घेताना दुकानातच बाण बघायचे.

जोड सोडून दोन दाते फिरवला, परत बसवला. अर्ध्या तासाचं काम, खर्च शून्य.

रिकाम्या गाडीला फरक जमीन-अस्मानाचा. ५१ ला थोडं उरलं, पण पायाला लागत नव्हतं. दुपारी ट्रॉली जोडून उचगावपर्यंत गेलो तर अॅक्सिलरेटर दाबला की थरथर हजर, पाय काढला की कमी.

लग्नसराईतलं एक काम याच दिवशी दुसऱ्या जनरेटरवाल्याला द्यावं लागलं. पुढचंही द्यावं लागणार.

२० जानेवारी

ओझं ओढतानाच वाढतं म्हणजे ओढताना काहीतरी जागचं हलतंय. मागच्या हाउसिंगला चाक फिरवायचं असतं आणि त्याच वेळी पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना) धरून जागेवर राहायचं असतं. गाडी ओढते तेव्हा पिनियनचं नाक वर उचलायला बघतं, ब्रेक लागला की खाली जातं. पाटे आणि त्यांना हाउसिंगशी आवळणारे यू-बोल्ट त्याला धरून ठेवतात. वाघबीळला मागची चाकं उड्या मारत गेली तेव्हा हेच नाक जोरात वर-खाली झालं असणार.

चुंबकाचा डिजिटल कोनमापक ७०० रुपयांना आणला. गाडी सपाट फरशीवर, सगळं वजन चाकांवर. गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा (जोडाच्या चकतीचा) कोन २.८ अंश, पिनियनच्या फ्लँजचा ६.१. हे दोन जवळजवळ समांतर हवेत, अंशभराच्या आत. आमच्याकडे तिनाच्या वर फरक.

मग ओळंबा. पुढच्या आणि मागच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खुणा केल्या आणि दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजलं. डावीकडचं अंतर उजवीपेक्षा १२ मिलिमीटर जास्त. डावीकडचं हाउसिंग पाट्यावरून मागे सरकलं होतं.

डावे यू-बोल्ट सोडायला पाना लावला तर पहिला नट जवळजवळ हातानेच फिरला. पाटे उघडले. सेंटर बोल्ट मधोमध तुटलेला, तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजलेला आणि अर्धा चकचकीत. गंजलेली चीर जुनी, चकचकीत तोंड ९ तारखेचं. हाउसिंगचा कोन जुळवायला पाट्याखाली घातलेली लोखंडी पाचर निम्मी बाहेर आली होती. तिच्यावर हाउसिंगची घासलेली रेघ स्पष्ट दिसत होती. ओढताना येणाऱ्या थरथरीचं मूळ म्हणजे हीच तिरकी सरकलेली पाचर.

ही पाचर गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये जादा पाटा घालताना बसवलेली. तेव्हा जुनेच यू-बोल्ट परत वापरले गेले. नवा पाटा बसतो तसा गठ्ठा दबतो आणि यू-बोल्ट ढिले पडतात, म्हणून थोडं चालवून ते पुन्हा आवळावे लागतात. ते कुणी सांगितलं नाही आणि झालंही नाही. ढिल्या यू-बोल्टमुळे सगळा भार सेंटर बोल्टवर आला. तो बोल्ट पाटे मध्यावर धरायला असतो, दोन टनांचा धक्का सोसायला नसतो.

२२ जानेवारी

पाट्याचं काम करणाऱ्यांकडे दिवसभर. दोन्ही बाजू उघडायला लावल्या. उजवा सेंटर बोल्ट शाबूत होता तरी बदलला. डाव्या बाजूचा दुसरा पाटा भोकाजवळ चिरलेला निघाला, तोही नवीन. नव्या पाचरी, चार नवे यू-बोल्ट नटांसकट. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत लावू नये. त्याचे आटे ओढले गेलेले असतात आणि नट घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण बोल्टला खरा ताण येत नाही.

आवळताना गाडीचं वजन पाट्यांवर घेतलं, चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे, आणि शेवटी आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत. पान्याला नळी लावून अंदाजाने आवळतो म्हणाले, पण मी टॉर्क पाना सोबत नेला होता. खर्च ६,७००.

कोन पुन्हा मोजले: २.८ आणि ३.३. ओळंब्याने दोन्ही बाजूंतला फरक २ मिलिमीटर.

२४ जानेवारी

ट्रॉली लावून कागलपर्यंत आणि परत. ५० ला फोनवर दोन्ही जागी सपाट. पायाखालचा पत्रा गप्प. गोकुळ शिरगावच्या चढावर मुद्दाम चौथ्यात जोर देऊन ओढलं, तरी काही नाही. ड्रायव्हर एवढंच म्हणाला, "आता झाली बघा." त्याला त्या दिवसापासून धास्ती बसली होती, तीच मला जास्त सलत होती.

२५ जानेवारी

गाडी झाली, पण धक्का दिला ट्रॉलीने. दोन टनांची ट्रॉली ब्रेकशिवाय मागून ढकलत असेल तर पुढच्या वेळी नवाही सेंटर बोल्ट तुटेल.

ट्रॉलीला धक्क्यावर चालणारा ब्रेक आहे. गाडी थांबली की ट्रॉली पुढे ढकलते, दांडीचा सरकता तुकडा आत दबतो आणि तो दबल्यावर तार ओढली जाऊन ट्रॉलीचे ब्रेक लागतात. आमचा सरकता तुकडा गंजून एकजीव झाला होता. दोघांनी मिळून ढकलला तरी इंचभरही हलला नाही. म्हणजे वाघबीळला अख्ख्या जनरेटरचं वजन ४०७ च्या चार ड्रमवर होतं. त्यातच ड्रम भाजले, त्यातच चाकं उडाली.

तुकडा सोडवला, आतली झिजलेली बुश बदलली, ग्रीस भरलं, नवी तार टाकली, ट्रॉलीचे लायनर साफ करून अंतर जुळवलं. हुकाची पिनही झिजून खेळत होती, ती बदलली. ३,४००. आता निघण्याआधी एक माणूस दांडी ढकलून बघतो की तुकडा सरकतो की नाही आणि दुसरा ट्रॉलीचं चाक अडलं का पाहतो. त्याशिवाय गाडी दारातून हलत नाही.

३ फेब्रुवारी

दोनशेवर किलोमीटर झाले. यू-बोल्ट पुन्हा आवळले. उजवीकडचे दोन जागचे हलले नाहीत, डावीकडच्या पुढच्याने जवळजवळ पाव फेरा घेतला. नव्या पाट्याची बाजू तीच. आणखी पाचशे किलोमीटरला पुन्हा बघणार, जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या कामांआधी तर नक्कीच.

एकूण २६,०५० रुपये आणि लग्नसराईतली दोन कामं. ड्रमचे ८,९०० आणि ट्रॉलीचे ३,४०० कसेही लागणारच होते. शाफ्टच्या ६,३५० पैकी काही पाट्यांचा घोळ नसता तर कदाचित वाचले असते, निदान सेंटर बेरिंगचं रबर आणखी वर्षभर तगलं असतं.

मामांनी आता स्वतःच्या फोनवर ते अॅप टाकून घेतलंय. काल त्यांच्याकडे एक पिकअप आली होती, तीही "ब्रेक मारल्यापासून" थरथरणारी. ५० च्या वेगाला तिच्यात टोक साडेसहाला आलं, म्हणजे चाकाच्याच फेऱ्याला. पुढच्या डाव्या टायरचा पट्टा आतून सरकून फुगवटा आला होता. तिथे शाफ्ट खोलावाच लागला नाही.